पांढरीतलं काळीला परत

कांदा पिकवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्यापुढे 'फुरसुंगी' म्हणा, त्याला बियाणं आठवेल. रब्बीत लावायचा, चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा गावरान फुरसुंगी कांदा. पुण्यात मात्र तोच शब्द उच्चारला की समोरच्याचं नाक आधी मुरडतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात शहराने वर्षानुवर्षं कचरा ओतला. विहिरींचं पाणी बिघडलं. २०१७च्या एप्रिलमध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी तीनेक आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या आणि पुण्याला आपला कचरा आपल्याच चौकात बघावा लागला. फुरसुंगीच्या आधी हा डेपो कोथरूडला पौड रस्त्यावर होता. आज तिथे मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात.

ज्या गावाच्या नावाने बियाणं विकलं जातं, त्याच गावाच्या मातीवर आपण आपली भाजीची देठं आणि उरलेला भात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकला. यात अन्याय तर आहेच, पण मला त्यातला मूर्खपणाही तितकाच खुपतो. कारण त्या पिशवीत मातीला हवं असलेलंच, कंपोस्ट होऊन शेतात परत जाऊ शकणारं सामान होतं.

आपल्या जुन्या गावरचनेत दोन शब्द होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीच्या जागेत पिढ्यानपिढ्या चुलीची राख, शेण, खरकटं, पडलेल्या भिंतींची माती साचत जाई आणि तिथल्या मातीचा रंग, पोत बदलून जाई. शेतकऱ्यांना तिची किंमत ठाऊक होती. ओसाड पडलेल्या पांढरीची माती गाड्या भरून शेतात नेली जायची. पुरातत्त्ववाल्यांची त्यामुळे पंचाईत व्हायची, कारण शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने खणली तसली पांढरीची टेकाडं बैलगाडीने हळूहळू नाहीशी होत. चालत्या गावात हेच काम उकिरडा करायचा. शेतातून घरात आलेलं वळसा घेऊन शेतात परत जायचं.

पुणे ही अशीच एक अवाढव्य पांढरी आहे. पुरंदर, हवेली, खेड, जुन्नरहून रोज पहाटे माल येतो, आणि परत काही म्हणजे काही जात नाही. सोसायटीतलं किंवा वस्तीतलं सामूहिक कंपोस्ट म्हणजे हा तुटलेला परतीचा रस्ता जोडण्याची खटपट. ती कशी चालते, कुठे अडते आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेऊ.

ढिगात काय घडतं

ओला कचरा कुजणार, हे नक्की. प्रश्न एवढाच की हवेत कुजणार की हवेवाचून. डेपोत पिशवीवर पिशवी दाबली गेली की आत हवा राहत नाही. मग ज्या जिवाणूंना हवा नकोच असते ते कामाला लागतात आणि मिथेन वायू सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापमानवाढ करतो. शिवाय तो जळतो, म्हणून डेपो धुमसत राहतात. खालून गळणारं काळं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं.

हवा खेळती असेल तर दुसरे जिवाणू जेवायला बसतात. ते आपल्यासारखेच श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडतात आणि या खटाटोपात गरम होतात. चांगला जमलेला ढीग तीन-चार दिवसांत ५५ ते ६५ अंशांवर जातो. डिसेंबरच्या सकाळी आमच्या सोसायटीतला ढीग उलटताना चहाच्या पातेल्यासारखी वाफ निघते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वॉचमनकाका पाण्याची बादली घेऊन धावले होते.

ही उष्णता फार मोलाची. रोगजंतू, तणांचं बी, टोमॅटोच्या बिया यांचा निकाल तीच लावते. मात्र उष्णता धरून ठेवायला ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा. गॅलरीतल्या कुंडीत किंवा डब्यात कंपोस्ट होतं, पण ते असं तापत नाही. म्हणूनच हे काम घरोघरी एकेकट्याने करण्यापेक्षा चाळीस-पन्नास घरांनी मिळून केलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजाऱ्यांचं सूत जमणं न जमणं हा भाग वेगळा.

आता या जिवाणूंचं ताट. त्यांना कार्बन लागतो आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन लागतं. भाकरी आणि डाळ म्हणा. पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नत्र असलं की त्यांचं पोट नीट भरतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्राचं प्रमाण याहून जास्त असतं, म्हणजे नुसती डाळच. वाळक्या पानांत कार्बन भरपूर, लाकडाच्या भुशात तर अतोनात. म्हणून एक बादली ओल्या कचऱ्याला दीड-दोन बादल्या सैल पाचोळा हे प्रमाण हाताशी ठेवावं. पाचोळा कमी पडला की जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो.

आम्हालाही आला होता. पहिल्या वर्षी आम्ही विटांचे हौद बांधले, पाकिटातलं कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची पूड आणली आणि रोज ओला कचरा ओतत गेलो. विकणाऱ्याने सांगितलं होतं की कल्चर टाकलं की बाकी काही बघायला नको. जुलैत हौदात काळा राडा झाला, अळ्या जिन्यापर्यंत आल्या आणि सर्वसाधारण सभेत 'हा उकिरडा इथून हलवा' असा ठराव मांडला गेला. ठराव दोन मतांनी पडला. पुढे कळलं की कल्चर म्हणजे फार तर विरजण. दूधच नासलेलं असेल तर विरजण काय करणार? आणि विरजणही विकत आणायची गरज नसते. मागच्या खेपेचं दोन घमेली तयार खत नव्या ढिगात मिसळलं की झालं.

अळ्यांबद्दल एक खुलासा. हौदात दिसणाऱ्या चपट्या, करड्या, जाड अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने संपवतात आणि त्यांची माशी घरातल्या अन्नावर घोंघावत नाही. त्या दिसल्या की घाबरू नका, पण ओल वाढली आहे एवढं समजा आणि पाचोळा टाका.

ओल पाहायला यंत्र नको. ढिगातला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाचोळा घालायचा, मूठ उघडताच सगळं भुसभुशीत सुटलं तर पाणी शिंपडायचं. मुठीची ही परीक्षा मी आजवर अनेकांना शिकवली आणि निम्म्यांनी 'हातमोजे नाहीत का?' हाच प्रश्न विचारला. आहेत. घालून पिळा.

पाचोळ्याची मोठी गोम अशी की तो हवा असतो वर्षभर आणि पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा पुण्यात रस्तोरस्ती बदाम, पिंपळ, पर्जन्यवृक्ष पानं गाळत असतात आणि सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांच्या चितेचा धूर दिसतो. पानं जाळायला बंदी आहे, तरी जळतात. त्याच दिवसांत गोणी भरून, कोरड्या जागी, पावसाळ्यासाठी साठवायची. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत, त्यांची गाठ घालून देणारा 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम पुण्यातच सुरू झाला आहे. पानं संपली तर रसवंतीगृहातली चिपाडं वाळवून, तोडून चालतात. सुताराकडचा भुसा घ्यायचा तर सागवान-आंब्याचा घ्यावा. प्लायवुडचा नको, त्यात डिंकासारखी रसायनं असतात.

हे थर रचण्याचं, ढीग उलटण्याचं शास्त्र परदेशातून आलेलं नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ पासून इंदूरला काम करताना इथल्या शेतकऱ्यांच्या पद्धती बघितल्या, त्यांना शिस्त लावली आणि १९३१ मध्ये ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगापुढे ठेवली. पुढे १९३९ मध्ये बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी खास शहरी कचऱ्यासाठी, फारसं न उलटता चरांत कुजवण्याची पद्धत बसवली. म्हणजे 'शहरातल्या कचऱ्याचं खत' हा विषय आपल्याकडे चांगला पंचाऐंशी वर्षांचा म्हातारा आहे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. इथे बऱ्याच बारा वर्षांच्या फेऱ्या झाल्या.

खत तयार कधी झालं? साधारण दोन-तीन महिन्यांत ढीग थंड पडतो, उलटला तरी पुन्हा तापत नाही, आणि पहिल्या पावसाचा वास येतो. मातीला पावसात तो वास देणारेच जिवाणू इथेही असतात. खात्री करायची तर बशीत ओलं खत घ्या आणि वर हळीव पेरा. दुसऱ्या बशीत साध्या मातीवर पेरा. दोन्हीकडे सारखा उगवला तर खत पिकलं. खतातला हळीव पिवळा पडला किंवा उगवलाच नाही तर ते अजून कच्चं आहे. कच्चं खत शेतात गेलं तर तिथे कुजण्याचं उरलेलं काम करताना जिवाणू पिकाच्या तोंडचं नत्र ओढून घेतात.

काच नाही ना?

२०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देत आली आहे. त्यामुळे हौद पुष्कळ बांधले गेले. त्यातल्या काहींत आज फुटक्या कुंड्या आणि गणपतीचं मखर ठेवलेलं मी पाहिलंय.

जिथे हौद खरंच चालतात, तिथे वर्ष-दोन वर्षांत वेगळीच अडचण उभी राहते. खत जास्त होतं. शंभर फ्लॅटची सोसायटी धरा. घरटी सहाशे ग्रॅम ओला कचरा म्हटला तर दिवसाला ६० किलो, वर्षाला २२ टनांच्या आसपास. कुजताना पाणी आणि कार्बन उडून जाऊन चौथा-पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे वर्षाला चार-पाच टन खत. बागेतल्या जास्वंदीला आणि कुंड्यांतल्या तुळशीला एवढं कशाला लागतंय? मग ते गोण्यांत भरून जिन्याखाली पडून राहतं.

शेतात एकरी दोन टन हे अगदी माफक प्रमाण धरलं तर तेवढं खत दोन-अडीच एकरांना पुरतं. शहराचा हिशेब तर डोकं फिरवणारा आहे. पुण्याचा रोजचा कचरा दोन हजार टनांच्या वर जातो. त्यातला निम्म्याच्या आसपास ओला धरला, त्याच्या पाचव्या हिश्शाचं खत धरलं, तर वर्षाला सत्तर हजार टनांवर खत निघू शकतं, ३५ हजार एकरांना पुरेल एवढं. ही माझी बोटांवरची आकडेमोड आहे, पण अंदाज यायला पुरे.

मग शेतकरी रांग का लावत नाहीत? कारण शहराचं खत म्हटलं की त्यांना काच आठवते. मिश्र कचरा आधी डेपोत कुजवायचा आणि मग चाळायचा, या खाक्यातून निघालेल्या मालात काचेचे तुकडे, पिशव्यांचे धागे, बॅटऱ्यांमधलं शिसं, कॅडमियम असं काहीही सापडू शकतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा घालून दिल्यात, किलोमागे कॅडमियम जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅम. २०१६ मध्ये केंद्राने शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनाला १,५०० रुपये साहाय्यही जाहीर केलं. पण शेताला पाणी देताना अनवाणी पायाने दारं धरणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेचा कागद दाखवून उपयोग नसतो. एकदा पाय कापला की गावभर बोभाटा होतो.

काच चाळून काढायची नसते, मुळात पडू द्यायची नसते. इथे पुण्याचं एक बळ आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, आणि २००८ मध्ये तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. घरोघरी जाऊन ओला-सुका वेगळा घेणारे हात शहरात आहेत. आमच्या हौदावर ढीग उलटणाऱ्या मावशी कुठल्या मजल्यावरून कोथिंबिरीच्या जुडीचा रबर येतो, हे न बघता सांगतात. फळांवरचे स्टिकर, चहाच्या पिशव्या, निर्माल्यातला दोरा आणि जरी, 'कुजणारी' म्हणून विकली जाणारी पिशवी, हे सगळं त्या बाजूला काढतात. ती पिशवी बहुतेकदा मोठ्या कारखान्यातल्या उष्णतेतच कुजते, आपल्या हौदात नाही. खताचा दर्जा ठरतो तो त्या दोन हातांवर आणि घराघरातल्या डब्यावर. हौद विटांचा की प्लॅस्टिकचा, यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्या कमिट्यांनी त्यातला पाव वेळ मावशींच्या पगारावर घालवावा.

मातीला नेमकं काय मिळतं

आता थोडं कटू बोलायला हवं. कंपोस्टला 'खत' म्हणतो म्हणून आपण त्याची तुलना युरियाशी करायला जातो. दोन टन कंपोस्टमध्ये टक्काभर नत्र धरलं तर ते होतं २० किलो. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीतही साधारण तेवढंच नत्र असतं. त्यातही कंपोस्टमधलं पहिल्या वर्षी थोडंच पिकाला मिळतं, बाकीचं सावकाश सुटत राहतं. दोन टन माल वाहून नेणारा शेतकरी हा हिशेब मांडतो आणि गोणीच घेतो. त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

कंपोस्टचं खरं काम मातीच्या घडणीत आहे. एक प्रयोग करा. जुन्या वडाखालचं मातीचं एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि वर्षानुवर्षं नांगरलेल्या, सेंद्रिय काही न मिळालेल्या शेतातलं एक. दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. शेतातलं ढेकूळ मिनिटाभरात विरघळून तळाशी चिखल होतो. वडाखालचं बराच वेळ घट्ट राहतं. ते धरून ठेवणारा गोंद जिवाणूंचा, बुरशीच्या बारीक धाग्यांचा आणि कुजलेल्या पाल्याचा असतो. या गोंदामुळे मातीचे कण रव्यासारखे जमतात, मधल्या फटींतून पाऊस आत उतरतो, मुळांना हवा मिळते. गोंद नसला तर पहिल्याच सरीत वरचा थर लिंपला जातो आणि पाणी मातीसकट ओढ्याला लागतं. सासवडकडच्या उतारांवरच्या मुरमाड जमिनींना आणि ऊसपट्ट्यातल्या चिवट काळीला, दोघींना या गोंदाची गरज आहे, कारणं वेगळी असली तरी.

पण हा गोंद बाहेरून आणून किती पुरवणार? एका एकरातली वरची सहा इंच माती साधारण ८०० ते ९०० टन भरते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतला कार्बन, अर्ध्या टक्क्यावरून ०.६ टक्क्यावर न्यायचा तर निव्वळ ८००-९०० किलो कर्ब टिकून राहायला हवा. दोन टन कंपोस्टमधून जातो तीन-चारशे किलो, आणि त्यातलाही बराचसा दोन-चार वर्षांत जिवाणू खाऊन हवेत सोडतात. म्हणजे दरवर्षी नुसतं खत घालून एका दशांश टक्क्यासाठी आठ-दहा वर्षं थांबा.

म्हणून पुनरुज्जीवनाची शेती म्हणतात तिचा भर जमिनीतच कर्ब तयार होण्यावर असतो. माती उघडी ठेवायची नाही, उसाचं पाचट जाळायचं नाही, नांगरट कमी करायची, पीक कापलं तरी मुळं जमिनीतच कुजू द्यायची, एका पिकावर अडून बसायचं नाही. नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी पसरवलेलं एसआरटी, म्हणजे 'सगुणा राइस टेक्निक' हे भातशेतीचं तंत्र याच विचाराचं आहे. गादीवाफे एकदा करायचे, मग नांगर नाही, चिखलणी नाही, भाताची मुळं जागीच. मुळं मातीला आतून जेवढा कर्ब देतात, तेवढा गोणीतून देणं कुणाला परवडणार नाही. शहरातलं कंपोस्ट इथे पुन्हा विरजणाच्या जागी येतं. थकलेल्या जमिनीत पहिली दोन-तीन वर्षं जिवाणूंना खायला घालून ते घडी बसवतं. पुढचं दूध शेतानेच द्यायचं.

त्यामुळे सगळीकडे थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा जिथे फळ मिळेल तिथे द्यावं. फळझाडाच्या आळ्यात, भाजीच्या वाफ्यात, रोपवाटिकेत, आणि शक्यतो वर आच्छादन घालून. कडक उन्हात उघड्यावर पसरलेलं खत म्हणजे वाया घालवलेली मजुरी.

उरतो वाहतुकीचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. खत अवजड आणि स्वस्त, त्यामुळे पन्नास किलोमीटरचं टेम्पोभाडं त्याच्या किमतीला गिळतं. पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा शहरातल्या आठवडे बाजारात माल उतरवून कितीतरी टेम्पो रिकामे परततात. तो परतीचा फेरा पकडला तर गणित बसतं. आम्ही तसंच केलं. सोसायटीत दर शनिवारी भाजी आणि हंगामात अंजीर घेऊन पुरंदरहून एक तात्या येतात. त्यांना विचारलं, खत न्याल का? त्यांनी आधी वास घेतला, मग अर्धं पोतं फरशीवर पालथं केलं आणि बोटांनी पसरत शेवटपर्यंत बघितलं.

"काच नाही ना?"

एक रबर सापडला. तो त्यांनी उचलून माझ्या हातात ठेवला आणि बारा गोण्या टेम्पोत घातल्या. पैसे कुणी कुणाला दिले नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र मेथीच्या चार जुड्या जास्त निघाल्या.

हे मागच्या पावसाळ्याच्या तोंडावरचं. तात्यांनी खत अंजिराच्या अर्ध्या झाडांनाच घातलंय, मुद्दाम. उरलेल्या अर्ध्यांना नेहमीचंच. काय फरक पडला म्हणून मी दर आठवड्याला विचारतो, तर ते म्हणतात, "साहेब, घाई नका करू. उन्हाळ्यात अंजिराचा मीठा बहार उतरू द्या, मग सांगतो."